छत्रीच्या खुंटीवरची बाही

त्या बालवाडीत सगळे त्यांना तोंडावर ‘बाई’ म्हणत आणि पाठ वळली की ‘साबणबाई’. हे नाव त्यांच्या कानावर कधीच गेलं होतं, पण त्यांना त्याचा राग नव्हता. एकदा स्वयंपाकघरात दोघी ताई त्यांची नक्कल करत होत्या, तेव्हा त्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “छान जमलंय. पण मी नखंसुद्धा बघते, ते राहिलं तुमचं.” दोघींची बोबडी वळली.

नाव ठेवणाऱ्यांचं तसं काही चुकत नव्हतं. दारातून आत पाऊल टाकणारा माणूस बडा अधिकारी असो की दूधवाला, बाई त्याला आधी बेसिनकडे पिटाळायच्या. बेसिनवर पिवळ्या साबणाची वडी. हातांना तोच साबण, फरशीला तोच, मुलांच्या चादरींनाही तोच. कुणीतरी हौसेनं सुवासिक वडी आणून ठेवली, तर बाईंनी ती मेलेला उंदीर उचलावा तशी दोन बोटांत धरून बाहेर नेली. मुलांच्या घशाला अत्तर मानवत नाही, असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळी घरी गेल्या की वहिनी दारातच म्हणायची, “वन्सं, तुम्ही आलात हे बघावं लागत नाही, नाकालाच कळतं.” त्या भावाकडे राहायच्या. लग्न झालं नव्हतं, आणि का झालं नाही हे विचारायची आता कुणाची छाती नव्हती.

बालवाडी म्हणजे चार खोल्या, एक लांब व्हरांडा आणि वाळूचा चौकोन. मुलं बासष्ट, दोन ते सहा वर्षांची. सात ताई, एक स्वयंपाकीण आणि धुणं-पुसणं करणारी एक मावशी. एवढा गाडा हाकणं म्हणजे काय असतं, ते बाहेरच्याला कळत नाही. फाटकाची कडी मुलाच्या हाताला येणार नाही पण ताईच्या येईल, अशा उंचीवर आहे ना? कुठल्या मुलाला कुठलं मूल चावतं? कोणाच्या शेजारी कोणाची चटई घालायची नाही? एक ताई आजारी पडली तर तिची नऊ मुलं कुणाच्या गळ्यात घालायची? हे काम नीट झालं तर दिसतच नाही. जे राहतं तेवढंच सगळ्यांना दिसतं. बाई बत्तीस वर्षं न दिसणारं काम करत आल्या होत्या, आणि त्यातच त्यांना समाधान होतं.

विशीत त्या इथेच दुपटी धुवायला लागल्या. मग ताई झाल्या, मग सगळ्या बालवाडीची जबाबदारी त्यांच्याकडे आली. त्यांच्या टेबलावर एक जाड वही असायची, तिचं नाव नियमवही. त्यात एकेचाळीस नियम, सगळे त्यांच्या टपोऱ्या अक्षरात. नवी ताई आली की तिला आधी ती वही वाचायला बसवत. पहिला नियम होता: मुलाशी खोटं बोलायचं नाही.

त्या नियमामागे एक मुलगा होता. बाई नव्या नव्या होत्या तेव्हा एक पोरगा आईसाठी रडून लाल झाला होता. त्याला गप्प करायला त्या म्हणाल्या, “आई आत्ता येते हं, लगेच.” पोरगा डोळे पुसून फाटकापाशी जाऊन बसला. आई यायची पाच वाजता. तो चार तास तिथून हलला नाही, जेवायलाही आला नाही. त्यानंतर वर्षभर त्यानं बाईंच्या हातचा घाससुद्धा घेतला नाही. त्या चार तासांची बोच बाईंच्या मनातून कधी गेली नाही.

अकरावा नियम होता आईच्या फडक्याचा. नवं मूल आलं की त्याच्या आईला सांगायचं, तुमच्या अंगातल्या एखाद्या जुन्या कपड्याचा तुकडा आणा, दोन दिवस घातलेला, न धुतलेला. तो एका छोट्या थैलीत ठेवायचा आणि थैली मुलाच्या खुंटीला. खुंटीवर नाव नाही, कारण वाचायला येतंय कुणाला? तिथे चित्र: मासा, बदक, छत्री, चमचा. मूल फार रडलं तर किंवा दुपारी झोपताना फडकं हातात द्यायचं. नाकाशी धरलं की दहातली आठ मुलं शांत होतात. बाईंच्या साबणवेडाला छेद देणारी गोष्ट ही एवढी एकच, म्हणून नियम त्यांनी दोनदा अधोरेखित केला होता: फडकं धुवायचं नाही. सहा आठवड्यांत मूल रुळतं, मग फडकं घरी परत जातं आणि तक्त्यावर त्या मुलापुढे खूण होते. तो तक्ता बाईंच्या टेबलामागे भिंतीवर लावलेला असायचा.

तर त्या वर्षी एक मुलगी आली, साडेतीन वर्षांची. इतकी बारीक आणि इतकी सतत कामात, की पहिल्याच दिवशी तिचं नाव मुंगी पडलं. तिची आई कपड्यांच्या कारखान्यात शिवायला जायची, बाप घरं रंगवायचा. फडक्याचं सांगितल्यावर आई दुसऱ्या दिवशी एक बाही घेऊन आली. निळ्या सुती सदऱ्याची बाही, खांद्यापासून कापलेली आणि कडेला बारीक टीप मारून नीट दुमडलेली.

“अहो, सदरा कशाला कापलात?” बाई म्हणाल्या.

“जुनाच होता. आणि बाही असली की तिला हात घालता येईल आत.” मग ती ओशाळून हसली. “दोन दिवस घातलाय. घामाचा वास येतोय, बाई. चालेल ना?”

“तोच तर हवाय.”

मुंगीला छत्रीची खुंटी मिळाली. दुपारी ती त्या बाहीत कोपरापर्यंत हात घालायची, वरचं टोक नाकाशी धरायची आणि दोन मिनिटांत गाढ झोपायची. बाहीला शिलाई मशीनच्या तेलाचा, घामाचा, केसांच्या तेलाचा आणि आणखी कशाचा तरी वास होता, जो त्या दोघींनाच ठाऊक.

पाचव्या आठवड्यात आई तापानं आजारी पडली. नऊ दिवस दवाखान्यात होती. दहाव्या दिवशी रंगारी एकटाच फाटकाशी आला. दाढी वाढलेली, नखांत पांढरा रंग. मुंगी आत वाळूत खेळत होती.

“तिला सांगितलंय, आई मामाकडे गेलीय,” तो म्हणाला. “दुसरं काय सांगू? माझ्या तोंडून शब्द फुटत नाही.”

“असं सांगू नका. मग ती वाट बघत बसेल.”

“मग तुम्ही सांगा, बाई.”

बाईंनी सांगितलं. वाळूच्या कडेला बसून, सोप्या शब्दांत, नियमाप्रमाणे. “आई खूप आजारी पडली आणि मेली. आता ती येणार नाही. बाबा येतील, रोज पाच वाजता.”

मुंगीनं विचारलं, “उद्या?”

“उद्यापण नाही.”

“मोठी झाल्यावर?”

“तेव्हापण नाही, राजा.”

मुंगीनं हातातली वाळू हळूहळू खाली सोडली. मग म्हणाली, “माझी थैली आहे ना?”

“थैली आहे. तिथेच आहे.” बाई आत गेल्या आणि पाठ वळवून बराच वेळ हात धूत राहिल्या.

सहा आठवडे झाले. नियमाप्रमाणे फडकं परत जायला हवं होतं. बाईंनी संध्याकाळी थैली रंगाऱ्याच्या हातात दिली. त्यानं ती उघडली, चेहरा आत घातला आणि तसाच थांबला. व्हरांड्यात येणारे-जाणारे आईबाप, पोरांची रडारड, डब्यांचा खडखडाट, सगळं त्याच्या बाजूनं वाहत होतं. मग त्यानं नाडी आवळून थैली परत बाईंकडे दिली.

“घरी नको, बाई. आमची खोली एक. रंगाचे डबे, टर्पेंटाईन, सगळं तिथेच. तिचे कपडे, उशी, सगळं हुंगून बघितलं मी. सगळ्याला माझाच वास येतो. घरात मी सगळीकडे आहे, ती कुठेच नाही.” त्यानं थैलीकडे मानेनं खूण केली. “ती एवढीच उरलीय. तुमच्याकडे राहू द्या.”

“राहू दे,” बाई म्हणाल्या. बत्तीस वर्षांत स्वतःचा नियम त्यांनी पहिल्यांदा मोडला, आणि त्याचं त्यांना जराही वाईट वाटलं नाही.

तेव्हापासून रंगारी पाचाऐवजी पाचला पाच कमी असताना यायचा. मुंगी चप्पल शोधेपर्यंत तो छत्रीच्या खुंटीपाशी उभा असायचा. बाई तेवढ्यात मुद्दाम कुठल्यातरी कागदात डोकं घालायच्या. पोरीला झोप लागायला ती बाही लागत होती, आणि बापाला संध्याकाळी घरी परत जायला. हे बाईंना पक्कं कळलं होतं. म्हणून त्या बाहीची त्या डोळ्यांत तेल घालून राखण करायच्या. धुण्याच्या दिवशी जुन्या मावशीला आठवण करायच्या, “छत्रीला हात लावायचा नाही हं.” मावशी म्हणायची, “पाठ झालंय, बाई. आता मला झोपेत विचारा.”

पण दर महिन्याला वरच्या कार्यालयाला एक फॉर्म जायचा. त्यात एक रकाना होता: न रुळलेली मुलं किती? बाईंनी आकडा लिहिला, एक. चार दिवसांत फोन आला. का? किती आठवडे झाले? मुलीला काही अडचण आहे का? विशेष यादीत घालायचं का, तपासणीला पाठवायचं का? बाईंनी सगळं समजावून सांगितलं. पलीकडची मुलगी भली होती, पण तिच्यापुढे रकानाच होता. ती म्हणाली, “मग मी काय लिहू, सांगा ना.” पुढच्या महिन्यात पुन्हा तोच फोन. तिसऱ्या वेळी बाई वैतागल्या. आई गेलेल्या पोरीला कुठल्या यादीत घालतात मेले, असं पुटपुटत त्यांनी फॉर्मवर शून्य लिहिलं. आणि फॉर्म व तक्ता जुळायला हवा म्हणून उठून भिंतीवरच्या तक्त्यात छत्रीपुढे खूण केली. फडकं परत दिलं. बारीकशी निळी खूण. एवढ्यानं कुणाचं काय बिघडणार होतं? उलट पोर नसत्या चौकशीतून सुटली.

थंडीत जुनी मावशी गुडघ्यांनी बसली आणि काम सोडून गेली. तिच्या जागी नवी आली. कष्टाळू, धसमुसळी, सांगितलेलं तंतोतंत करणारी. आणि त्याच आठवड्यात तपासणीची तारीख आली. चार वर्षांनी येणारी मोठी तपासणी, जिच्यावर बालवाडीचा परवाना अवलंबून. मग काय विचारता! खिडक्यांच्या जाळ्या निघाल्या, खेळणी सोड्याच्या पाण्यात बसली, ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. बाईंच्या अंगात वारं भरलं होतं.

आदल्या दिवशी दुपारी त्या टेबलाशी बसल्या होत्या. खांद्यावर फोन, कारण अग्निशामक नळकांड्याचा दाखला अजून आला नव्हता आणि पलीकडचा माणूस ‘बघतो, बघतो’ म्हणून टोलवत होता. समोर लसीकरणाच्या कार्डांचा ढीग. मावशी दारात आली, हातात टोपली.

“बाई, खुंट्यांवरच्या थैल्यापण पाण्यात घालू?”

“सगळ्या घाला. थैल्या किती कळकटल्यात.”

“एकीत काहीतरी फडकं आहे.”

फोनवरचा माणूस म्हणाला, सही करणारे साहेब जेवायला गेलेत. बाई त्याला म्हणाल्या, “मग मी काय मुलांना जाळून बघू?” आणि तेवढ्यात मावशीसाठी त्यांनी मान वळवली. मावशीकडे नाही, भिंतीवरच्या तक्त्याकडे. त्यांची सवयच तशी. बासष्ट मुलं डोक्यात राहत नाहीत, म्हणून तर तक्ता. वरपासून खालपर्यंत सगळ्या चित्रांपुढे निळ्या खुणा होत्या. सगळी फडकी परत गेलेली.

“फडकी सगळी घरी गेलीत. राहिलं असेल एखादं धुळीचं. घाला उकळत्या पाण्यात.”

“बरं,” मावशी म्हणाली.

बाईंनी स्वतःच्या हातानं खोटी खूण केली होती आणि गडबडीत स्वतःच तिच्यावर विश्वास ठेवला. कुणी दुसऱ्यानं केली असती तर त्यांनी पारखून घेतली असती.

दुसऱ्या दिवशी तपासनीस आल्या. चष्मा, हातात पाटी, बोलणं गोड. बेसिनची उंची मोजली, फाटकाची कडी ओढून बघितली, चादरी हुंगल्या आणि म्हणाल्या, “वा!” बाईंचा जीव भांड्यात पडला. दुपारी झोपेच्या वेळी दोघी तिसऱ्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. पडदे ओढलेले, चटयांवर मुलं आडवी. ताईनं छत्रीची थैली काढून मुंगीला दिली.

मुंगीनं बाही काढली. ती इस्त्री केल्यासारखी सरळ होती. तिनं हात आत घातला, टोक नाकाशी धरलं आणि थांबली. हात बाहेर काढला. बाही उलटी केली, पुन्हा हुंगली. मग उठली आणि चटयांमधून वाट काढत थेट बाईंपाशी आली.

“हे माझं नाही.”

बाईंनी बाही हातात घेतली. नाकाशी न्यायचीही गरज पडली नाही. पिवळा साबण. 

“तुझंच आहे, राजा,” त्या कशाबशा म्हणाल्या.

“नाही. हे त्याच रंगाचं आहे. पण माझं नाही. माझं द्या.” मुंगी रडत नव्हती. दुकानात चुकून दुसरी वस्तू बांधून दिली तर बदलून मागावी तसं ती मागत होती. “माझं द्या ना, बाई.”

तपासनीस खाली वाकून म्हणाल्या, “किती छान, स्वच्छ आहे की!” त्या बिचारीला काय माहीत. अहवालात त्यांनी स्वच्छतेला पूर्ण गुण दिले. परवाना चार वर्षांसाठी मिळाला. खाली एक ओळ होती: विश्रांतीच्या वेळी एक मूल अस्वस्थ आढळले.

त्या दिवशी मुंगी झोपली नाही. इतर मुलं झोपलेली असताना ती खुंट्यांपाशी गेली आणि एकेक थैली उघडून बघू लागली. मासा, बदक, चमचा. ताईनं तिला थांबवण्यासाठी बाईंकडे बघितलं. बाईंनी मानेनंच नको म्हटलं.

नव्या मावशीला कुणीतरी झाला प्रकार सांगितला तेव्हा ती तोंडावर पदर दाबून आली. “मला काय ठाऊक, बाई. मी विचारलं होतं ना?”

“विचारलं होतंत. तुमची काही चूक नाही. परत कुणी तुम्हाला बोललं तर मला सांगा.” बाईंचा आवाज इतका कोरडा होता की मावशी आणखीच घाबरली.

पाचला पाच कमी असताना रंगारी आला. बाई फाटकापाशीच उभ्या होत्या. तो खुंटीकडे जायच्या आत त्यांनी सांगून टाकलं. काही आडपडदा ठेवला नाही. तक्ता, खूण, फोन, उकळतं पाणी, सगळं. “माझ्यामुळे झालं,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या कुणामुळे नाही.”

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “असू दे, बाई. कापडच ते. कधीतरी धुतलं जाणारच.”

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बाईंना सोसलं असतं. तो त्यांची समजूत घालत होता. मग सवयीनं तो खुंटीपाशी गेला, थैली काढली, उघडली, आणि चेहरा आत घालायला वाकला. अर्ध्यातच थांबला. थैली परत लावली, नीट, चित्र झाकलं जाणार नाही अशी. मुंगीची चप्पल त्यानं स्वतः शोधून दिली. दोघं फाटकाबाहेर पडली. रस्त्याच्या कडेला तो उभा राहिला आणि कुठल्या बाजूला जायचं ते विसरल्यासारखा उभाच राहिला. मुंगीनं त्याचं बोट ओढलं तेव्हा कुठे निघाला. बाई हे सगळं बघत होत्या. इतक्या वर्षांत त्या खूप वेळा थकल्या होत्या, चिडल्या होत्या, पण आपण इथे यायलाच नको होतं, असं त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

त्या आत गेल्या आणि तक्त्यावरची ती निळी खूण खोडली. पुढे लिहिलं: परत दिलेलं नाही. दुसऱ्या दिवशी कार्यालयाचा फोन आला तर काय सांगायचं, याचा त्यांनी विचारही केला नाही.

मुंगी अकरा दिवस शोधत होती. खेळण्यांच्या पेटीत, बाकाखाली, एकदा तर तपेल्यांच्या कपाटात. रोज दुपारी येऊन विचारायची, “सापडलं?” आणि रोज बाई सांगायच्या, “नाही. ते धुतलं गेलं. मी धुवायला सांगितलं. ते आता तसं होणार नाही.” पहिला नियम होता ना. बाराव्या दिवशी तिनं विचारलं नाही. त्या दुपारी तिनं स्वतःच थैलीतून बाही काढली, हात आत घातला आणि साबणाच्या वासात तोंड खुपसून झोपली. ताईला हायसं वाटलं. बाईंना मात्र बघवलं नाही. पोर शोधत होती तोवर तिची आई कुठेतरी होती.

पुढे मुंगी सहा वर्षांची होऊन मोठ्या शाळेत गेली. जाताना बाही घेऊन गेली. बाईंनी नियमवहीत बेचाळिसावा नियम लिहिला: आकडा जुळत नसेल तर नाही म्हणून लिहावे, जुळवू नये. नव्या ताई तो वाचून म्हणायच्या, “हे कळलं नाही, बाई.” बाई म्हणायच्या, “कळेल.” त्या बदलल्या होत्या, असं सगळे म्हणत. साबण तोच होता, नखं त्या अजून बघायच्या, पण कुणी काही विचारायला आलं की हातातलं काम खाली ठेवायच्या आणि त्या माणसाकडे तोंड करून बघायच्या. फोन वाजत असला तरी. वहिनी म्हणाली, “वन्सं, तुम्ही हल्ली ऐकून घेता.” तिला ते कौतुक वाटलं होतं.

बाईंच्या निवृत्तीला दोन महिने राहिले तेव्हा बालवाडी रंगवायला काढली. ठेकेदारानं माणूस पाठवला तो तोच रंगारी. केस पांढरे झाले होते, की रंगच होता तो, कोण जाणे. “ओळखलंत का?” त्यानं विचारलं. बाईंनी आधी त्याला बेसिनकडे पाठवलं, म्हणजे ओळखलं.  तो भिंती घासत होता, बाई कपाटं रिकामी करत होत्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी शाळा सुटल्यावर त्याची मुलगी आली. तेरा वर्षांची, उंच, पाठीला दप्तर. मुंगी म्हणावं असं काही उरलं नव्हतं. ती सरळ खुंट्यांच्या भिंतीपाशी गेली. चित्रं काढून एका परातीत ठेवली होती. त्यातून तिनं छत्री बरोबर उचलली.

“ही माझी होती.”

“हो, तुझीच.”

“ते फडकं अजून आहे माझ्याकडे.” तिनं दप्तराच्या आतल्या कप्प्यातून निळी बाही काढली. विरली होती, टीप मात्र शाबूत होती. “परीक्षेला नेते मी. हसू नका हं.”

“नाही हसत.”

मुलगी बाकावर बसली. शिडीवर बाप छताच्या कडेला रंग देत होता. ती सहज बोलल्यासारखं बोलू लागली. “बाई, मला आई काही आठवतच नाही. चेहरा आठवतो, पण तो फोटोतलाच. आवाज नाही, काही नाही. मैत्रिणींना सांगायला लाज वाटते. पण वास आठवतो.” तिनं बाही नाकाशी धरली. “हा. स्वच्छ. साबणाचा. अजून येतो. मी ती धुताना तोच साबण वापरते ना, पिवळा. घरी बाबांना दुसरा आणूच देत नाही मी.”

शिडीवरचा ब्रश थांबला. बापानं मागे वळून बघितलं नाही. बाईंनी आत्ताच हात धुतले होते. ते त्यांनी नकळत मागे नेले.

“इथे आत आले ना, तर एकदम आईच आठवली,” मुलगी म्हणाली. मग तिनं वर बघितलं, अगदी पूर्वीसारखं सरळ. “बाई, तुम्ही तर तिला बघितलंय. आईला असाच वास यायचा ना?”

बाईंच्या डोळ्यांपुढे ती ओशाळून हसणारी बाई उभी राहिली. शिलाई मशीनचं तेल, घाम. चालेल ना, बाई? वर शिडीवर तो पाठमोरा माणूस ब्रश धरून थांबला होता. बाईंशिवाय फक्त त्यालाच ठाऊक होतं, आणि तो काही बोलत नव्हता. इतकी वर्षं घरात तोही बोलला नव्हता.

टेबलावर नियमवही होती, पुढच्या बाईंच्या हवाली करायला बांधून ठेवलेली.

“हो,” बाई म्हणाल्या. “असाच यायचा.”

मुलीनं बाहीची घडी घातली आणि दप्तरात ठेवली. थोड्या वेळानं शिडीवरचा ब्रश पुन्हा चालू झाला.